अपडेटनंतर नाहीशा होणाऱ्या सोयी : आधीची तयारी आणि नंतरचे उपाय

सॉफ्टवेअरचे अपडेट म्हणजे उत्पादक कंपनीने जुन्या आवृत्तीच्या जागी इंटरनेटवरून पाठवलेली नवी आवृत्ती. असे अपडेट वापरकर्त्याला न विचारता बसते आणि त्याच्या हाताला सवय झालेली एखादी सोय त्यात नाहीशी होते, तेव्हा त्याची जी चिडचिड होते तिला तांत्रिक लेखनात बहुधा ‘बदलाला होणारा विरोध’ म्हणून बाजूला सारले जाते. हे निदान वरवरचे आहे. दिवसाला शेकडो नोंदी करणारा हिशेबनीस किंवा पाने लावणारा डीटीपी ऑपरेटर पडद्याकडे न पाहता कळा दाबत असतो, आणि त्या कळांमागची सोय गेली की त्याच्या कामाचा वेग जातो, चुका वाढतात आणि त्याची किंमत कंपनी नव्हे तर तोच मोजतो. तक्रार रास्त असली तरी ‘यापुढे कोणतेही अपडेट घ्यायचे नाही’ हा तिच्यावरचा लोकप्रिय उपाय मात्र घातक आहे. खरी अडचण अशी की सुरक्षेची दुरुस्ती आणि मांडणीतील बदल या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पुडक्यात बांधून दिल्या जातात. वापरकर्त्याने शक्य तेथे हे पुडके सोडवून पहिली गोष्ट लगेच आणि दुसरी आपल्या सवडीने घ्यावी, आणि जेथे ते सुटत नाही तेथे निदान आपला मजकूर तरी कोणत्याही एका आवृत्तीच्या ताब्यात राहू देऊ नये.

सुरक्षेची दुरुस्ती, जिला व्यवहारात ‘पॅच’ म्हणतात, ती टाळण्याचा परिणाम 2017 साली साऱ्या जगाने पाहिला. विंडोजमधील एक गंभीर त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिला होता. सुमारे दोन महिन्यांनी, 12 मे रोजी, ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम त्याच त्रुटीतून पसरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांसह असंख्य संस्थांचे काम ठप्प झाले. ज्यांनी तो पॅच बसवला होता त्यांच्या यंत्रांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. याउलट घाईने घेतलेले अपडेटही महागात पडू शकते, याचा दाखला ऑक्टोबर 2018 मधील विंडोज 10 चे मोठे अपडेट देते. त्याने काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसून टाकल्यामुळे कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की धोरण आपोआप ठरते : दरमहा येणारी सुरक्षा-दुरुस्ती आठवड्याभरात बसवावी आणि नव्या सोयी आणणारी (व जुन्या नेणारी) वार्षिक आवृत्ती दोन-तीन महिने इतरांना वापरू देऊन मगच घ्यावी.

सोयी काढल्या का जातात, हे समजून घेतल्यास कोणती परत येईल आणि कोणती येणार नाही याचा अंदाज बांधता येतो. संकेतस्थळांवर ॲनिमेशन आणि चित्रफिती चालवणाऱ्या फ्लॅशसारखी एखादी गोष्ट सुरक्षेच्या कारणाने जाते. अडोबी कंपनीने 31 डिसेंबर 2020 नंतर तिचा पाठिंबा थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशमधील मजकूर चालणेच बंद केले. अशी सोय परत येत नाही आणि येऊही नये. दुसरे कारण पुनर्लेखनाचे असते. 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलेल्या विंडोज 11 मध्ये टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाशी चालू प्रोग्राम दाखवणारी पट्टी, नव्याने लिहिली गेली आणि त्या पुनर्लेखनात ती पट्टी वर किंवा बाजूला हलवण्याची सोय, फाइल ओढून पट्टीवर नेण्याची सोय, प्रत्येक खिडकीचे नाव वेगळे दिसण्याची सोय आणि पट्टीवर उजवी कळ दाबून टास्क मॅनेजर उघडण्याची सोय, अशा चार सवयी एकदम मोडल्या. यांपैकी फाइल ओढण्याची सोय 2022 मध्ये आणि नावे वेगळी दिसण्याची सोय 2023 मध्ये परत आली, टास्क मॅनेजरही उजव्या कळेखाली परतला; पट्टी बाजूला नेण्याची सोय मात्र त्या काळात आली नाही, कारण ती वापरणारे थोडे आणि तिच्यासाठी करावे लागणारे काम मोठे, असे कंपनीच्या चमूने 2022 मध्ये सांगितले होते. ‘वापरणारे थोडे’ हा हिशेब टेलिमेट्रीवरून, म्हणजे यंत्राने वापराविषयी कंपनीला परस्पर पाठवलेल्या माहितीवरून, मांडला जातो; त्यात एखादी सोय किती जण वापरतात हे दिसते, पण जे वापरतात त्यांचे काम तिच्यावर किती अवलंबून आहे हे दिसत नाही. तिसरे कारण धंद्याचे असते आणि ते सहसा उघडपणे सांगितले जात नाही : जुनी सोय ज्या जागेवर होती तेथे कंपनीची नवी सेवा किंवा वर्गणीचे आमंत्रण बसवायचे असते.

विंडोज वापरणाऱ्याने प्रथम आपली आवृत्ती ‘होम’ आहे की ‘प्रो’ हे पाहावे, कारण नियंत्रणाचा सारा फरक तेथे आहे. होम आवृत्तीत ‘विंडोज अपडेट’ या पानावरील ‘पॉज’ या पर्यायाने अपडेट जास्तीत जास्त 35 दिवस थांबवता येते आणि ती मुदत संपल्यावर साचलेली अपडेट बसवल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी, म्हणजे यंत्रावर व्यवस्थापकाने घालून दिलेले नियम, वापरून आवृत्तीचा क्रमांकच निश्चित करता येतो. मग त्या आवृत्तीची सेवामुदत संपेपर्यंत मासिक सुरक्षा-दुरुस्ती येत राहते, पण वार्षिक बदल येत नाही. पुडके सोडवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग असल्याने, ज्या कार्यालयाचे पोट संगणकावर चालते त्याने नवे यंत्र घेताना होमऐवजी प्रोसाठी थोडे अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते. दोन्ही आवृत्त्यांत ‘नवी अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण असते. ते बंदच ठेवावे, कारण ते सुरू ठेवणारा वापरकर्ता नकळत पहिल्या चाचणीतला गडी होतो. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये कामाचे तास नोंदवल्यास यंत्र त्या वेळेत आपण होऊन पुन्हा सुरू होत नाही, ही मर्यादा 18 तासांपर्यंत वाढवता येते.

वेळापत्रकाचा एक बारकावा भारतातील वापरकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी दहा वाजता निघतात, म्हणजे भारतात तेव्हा ऋतुमानानुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात आणि त्यांचा परिणाम बुधवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर दिसतो. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेच्या दरम्यान पडतो, आणि दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जीएसटीआर-1 ची नेहमीची मुदत 11 तारीख असते. मुदतीच्या सकाळी यंत्र ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ असे बजावत बसते, त्याला कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत नशिबाचा भाग समजले जाते. प्रत्यक्षात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 11 तारीख उलटेपर्यंतचा ‘पॉज’ घातल्यास ते टळते.

मोठे अपडेट बसल्यावर सोय गेल्याचे ध्यानात आले तर परतीची वाट अरुंद आणि अल्पजीवी असते. विंडोजमध्ये ‘रिकव्हरी’ या पानावर ‘गो बॅक’ हे बटण दहा दिवस उपलब्ध राहते, कारण जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये तेवढा काळ जपून ठेवलेली असते. जागा मोकळी करण्याच्या नादात हे फोल्डर पुसले की बटणही निरुपयोगी होते. डिझम नावाच्या साधनाने ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती आज्ञा पहिल्या दहा दिवसांतच द्यावी लागते. म्हणून मोठ्या अपडेटनंतरचा पहिला आठवडा चाचणीचा समजावा आणि नेहमीची सगळी कामे त्या आठवड्यात मुद्दाम करून पाहावीत : जुन्या प्रिंटरवर पावती, बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीची डोंगल (यंत्राला लावायची छोटी किल्ली), स्कॅनर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी टंकलेखन. वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट (ताळेबंदाची छपाई हे तिचे ठळक उदाहरण) याच आठवड्यात तपासून घ्यावी, अन्यथा ती बिघडल्याचा शोध मार्चअखेरीस लागतो.

हरवलेली सोय परत आणून देणारी तिऱ्हाइतांची छोटी साधने मिळतात. विंडोज 8 ने 2012 साली स्टार्टचे बटणच काढून टाकले तेव्हा ‘क्लासिक शेल’ हे मोफत साधन घरोघरी पोहोचले होते. त्याच्या कर्त्याने 2017 मध्ये काम थांबवल्यावर त्याचा खुला केलेला मूळ कोड घेऊन इतरांनी ‘ओपन-शेल’ चालू ठेवले. अशी साधने प्रणालीच्या आतल्या भागांना हात घालत असल्याने पुढच्या अपडेटला मोडू शकतात, त्यामुळे ती मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत आणि प्रत्येक मोठ्या अपडेटपूर्वी काढून ठेवावीत. नोंदणीफाइलीत, म्हणजे रजिस्ट्रीत, अनोळखी ठिकाणाहून उचललेल्या ओळी चिकटवून अपडेट कायमचे बंद पाडण्याचा मार्ग सर्रास सुचवला जातो. तो सुरक्षा-दुरुस्तीही बंद करतो, एवढ्या कारणासाठी तो त्याज्य आहे.

मोबाइलवर वापरकर्त्याचे हात अधिक बांधलेले असतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये एखाद्या ॲपच्या पानावरील तीन ठिपक्यांखाली त्या ॲपपुरते स्वयंचलित अपडेट बंद करता येते, आणि फोनसोबत आलेल्या ॲपच्या बाबतीत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय ते मूळ स्थितीत नेतो. आयफोनवर ॲपचे स्वयंचलित अपडेट बंद करता येते, परंतु प्रणालीची नवी आवृत्ती एकदा बसली की परतणे जवळपास अशक्य होते, कारण ॲपल जुन्या आवृत्तीला थोड्याच दिवसांत ‘साइन’ करणे थांबवते; साइन करणे म्हणजे ही आवृत्ती बसवण्यास कंपनीची मान्यता असल्याची डिजिटल मोहोर उमटवणे, आणि ती मोहोर नसेल तर फोन ती आवृत्ती स्वीकारत नाही. बँकेची आणि यूपीआयची ॲप जुनी झाली की चालण्यास नकार देतात आणि त्यांच्या बाबतीत तो नकार योग्यच आहे. जुनी मांडणी हवी म्हणून अशा ॲपची फाइल बाहेरून मिळवून बसवणे हा पैशाशी खेळ आहे.

ब्राउझरमधून वापरल्या जाणाऱ्या सेवांत तर वापरकर्त्याच्या हाती आवृत्ती नसतेच. बदल कंपनीच्या सर्व्हरवर होतो आणि तो सर्वांना लागू होतो. येथे एकच शस्त्र उरते, ते म्हणजे आपली सामग्री प्रमाणित स्वरूपात बाहेर काढून ठेवणे. गुगलने बातम्यांचे प्रवाह वाचण्याची ‘रीडर’ ही सेवा मार्च 2013 मध्ये बंद करण्याचे जाहीर करून 1 जुलै रोजी बंद केली, तेव्हा वाचकांचा संताप मोठा होता, पण वर्गण्यांची यादी ओपीएमएल या सर्वमान्य स्वरूपात उतरवून घेता येत असल्याने ते ती यादी घेऊन दुसऱ्या वाचकसेवेत जाऊ शकले. हाच निकष पुढील निवडीला लावावा : एखादी सेवा स्वीकारण्यापूर्वी तिच्यातून बाहेर पडताना काय आणि कोणत्या स्वरूपात नेता येईल, हे तपासावे.

मराठी मुद्रणव्यवसायात या निकषाचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने जाणवते, म्हणून त्याचा थोडा विस्तार आवश्यक आहे. युनिकोडपूर्व काळात, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधी, श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या घरांत बसवलेले असत आणि प्रत्येक प्रणालीची ही मांडणी निराळी असे. परिणामी तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. 2001 मध्ये शेवटची मोठी आवृत्ती आलेले पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर अनेक छोट्या मुद्रणालयांत त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिले, त्याचे कारण ऑपरेटरचा आळस हे नव्हते. वर्षानुवर्षांच्या फायली, पाठ झालेले कळफलक आणि यंत्राला डोंगल लावल्यावरच चालणारी फाँटप्रणाली यांची ती गाठ होती. पेजमेकरला युनिकोड समजत नव्हते आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमधून अडोबीने जानेवारी 2023 मध्ये ‘टाइप 1’ या जुन्या प्रकारच्या फाँटचा पाठिंबाही काढून घेतला. ज्यांचे जुने फाँट त्या प्रकारचे होते त्यांना नव्या आवृत्तीत स्वतःचीच पुस्तके नीट उघडता येईनाशी झाली.

अशा फायली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढच्या अपडेटची वाट न पाहता प्रत्येक पुस्तकाची, फाँट आत अंतर्भूत केलेली पीडीएफ आजच काढून ठेवावी, कारण पान जसेच्या तसे दिसण्याची ती किमान हमी आहे. त्यानंतर मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, परंतु परिवर्तित मजकूर मुद्रितशोधन केल्याशिवाय वापरू नये. रफार एक अक्षर मागेपुढे सरकतो, ‘वाऱ्याचा’मधील ‘ऱ्या’ आणि ‘दर्याचा’मधील ‘र्या’ यांतील भेद पुसला जातो, पहिल्या वेलांटीची जागा चुकते, ‘ॲ’ भलतेच रूप घेतो, आणि हे दोष वर्तनीतपासनीस साधनांना नेहमी सापडतातच असे नाही. मूळ फाइल, फाँट आणि त्या प्रणालीची डोंगल ही तिन्ही एकत्र जपावीत. एक जुने यंत्र इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून केवळ या कामासाठी राखावे, किंवा डोंगलची अडचण नसेल तर आभासी यंत्र (एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) तयार करून त्यात जुनी प्रणाली ठेवावी. त्याची आख्खी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते, हा त्याचा मोठा लाभ होय. कळफलकाबाबतही हेच धोरण उपयोगी पडते. एका कंपनीच्या मोफत साधनावर बोटे बसवण्यापेक्षा इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाणित केलेला आराखडा शिकणे दीर्घकाळ फायद्याचे, कारण तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांत मिळतो. ज्यांना रोमन उच्चारानुसारच टंकलेखन हवे त्यांच्यासाठी विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक प्रणालीतच उपलब्ध आहे.

प्रणालीच बदलण्याचा विचार करणाऱ्याने खुल्या सॉफ्टवेअरच्या मर्यादा आणि सामर्थ्य दोन्ही पाहावीत. तेथेही सोयी जातात. 2011 मध्ये ग्नोम 3 ने लिनक्सच्या परिचित पडद्याची मांडणी मोडली तेव्हा असंतोष तितकाच होता. फरक असा की जुना कोड सर्वांना खुला असल्याने काहींनी तो घेऊन ‘माटे’ या नावाने जुनी मांडणी चालू ठेवली आणि ती आजही मिळते. उबुंटूच्या ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घकाळ पाठिंबा असलेल्या, आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्ती मिळत राहते आणि मांडणी बदलत नाही. फायरफॉक्सची ‘ईएसआर’ आवृत्ती असाच सुमारे वर्षभराचा अवधी देते. तेवढा अवधी शिकण्यासाठी आणि पर्याय शोधण्यासाठी वापरावा, त्याला कायमचे अभय समजू नये.

कंपनीकडे तक्रार करणे अगदीच व्यर्थ नसते, हे टास्कबारच्या परतलेल्या सोयींवरून दिसते. मात्र ‘जुने चांगले होते, ते परत आणा’ या वाक्याचा उपयोग नसतो. विंडोजमधील ‘फीडबॅक हब’मध्ये किंवा तत्सम ठिकाणी कोणते काम, दिवसातून किती वेळा, पूर्वी किती टप्प्यांत होत असे आणि आता किती टप्पे लागतात, हे लिहावे, आधीच कोणी तीच तक्रार नोंदवली असल्यास नवी न टाकता तिला मत द्यावे, कारण मोजणी मतांची होते.

सोयीसाठी पैसे मोजलेले असतील तर प्रश्न कायद्याचा होतो. सोनीने प्लेस्टेशन 3 मध्ये लिनक्स बसवण्याची मूळची सोय 1 एप्रिल 2010 च्या अपडेटने काढली. अपडेट नाकारणाऱ्याला कंपनीचे ऑनलाइन जाळे बंद होत असे, म्हणजे कोणतीही एक गोष्ट गमावणे भाग होते. अमेरिकेत त्याविरुद्ध सामूहिक दावा चालला आणि अखेर तडजोडीने भरपाई ठरली. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार विक्रेत्याला डिजिटल सेवेत बदल करायचा असेल तर करारात त्याचे वैध कारण असावे लागते, ग्राहकाला जादा खर्च पडता कामा नये, आणि बदलामुळे त्याचे लक्षणीय नुकसान होत असेल तर 30 दिवसांत करार मोडण्याचा हक्क त्याला मिळतो. भारतात इतके नेमके कलम नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील सदोष सेवा, अनुचित व्यापारी प्रथा आणि अन्याय्य करार या व्यापक संज्ञांचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या जोडीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेली ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ज्यांत ग्राहकाला नको असलेली कृती करण्यास भाग पाडणे आणि एकाच गोष्टीसाठी वारंवार टोचत राहणे हे दोन्ही प्रकार नावानिशी नोंदवलेले आहेत.

प्रथम कंपनीला लेखी कळवावे, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तेथेही दाद न लागल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे दाखल शुल्क लागत नाही. करारातील अटच अन्याय्य असल्याचा दावा असेल तर मात्र तो राज्य आयोगाकडे करावा लागतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, परंतु पुरावा त्याहून कितीतरी आधी हरवतो, कारण कंपनीचे विक्रीचे पान नव्या आवृत्तीबरोबर बदललेले असते. यासाठी खरेदीच्या दिवशीच बिल, खोक्यावरील वैशिष्ट्यांचे छायाचित्र आणि संकेतस्थळावरील वर्णनाचा तारखेसह स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवावा, आणि अपडेटपूर्वी व नंतर त्याच पडद्याचे स्क्रीनशॉट त्यात टाकावेत.